एकोणतीस मार्चचं निरीक्षण

माझ्या मांडीवरच्या रेडिओच्या पेटीतून तो आवाज पहिल्यांदा आला तेव्हा आमची जीप ओढ्यावरचा पूल ओलांडत होती. टक्. मग थोडी शांतता. पुन्हा टक्. पूल संपल्यावर मुजावरांनी जीप कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि मान तिरकी करून ऐकत बसले. उजव्या हाताची बोटं गुडघ्यावर ठेका धरत होती.

"झटका मशीन आहे, मॅडम," ते म्हणाले. "जनावर आत येऊ नये म्हणून कुणीतरी कुंपणाच्या तारेला लावलंय. अन् तार कुठंतरी गवताला टेकतीय, ठिणगी पडतीय. नायतर एवढा आवाज येत नाय."

सकाळचे साडेदहा झाले होते. आम्ही तोवर चार गावं फिरलो होतो आणि पेटीतून नुसती खरखर येत होती. पाचवं गाव झालं की परत जायचं, दुपारची एसटी पकडायची आणि रात्री लवकर झोपायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. त्या वर्षी मला झोपेशिवाय दुसरं काही नको असायचं.

इस्माईल मुजावर रेडिओ दुर्बिणीवर तंत्रज्ञ होते. ही दुर्बीण म्हणजे नळी नव्हे, शेताशेतांतून उभ्या असलेल्या मोठाल्या तबकड्या. अवकाशातून येणारे रेडिओतरंग त्या पकडतात. ते तरंग इतके क्षीण असतात की गावातली एखादी सैल तार, वेल्डिंगचं यंत्र किंवा टीव्हीचा बिघडलेला बूस्टर त्यांना सहज झाकून टाकतो. असले आवाज हुडकून काढायचे आणि लोकांना समजावून ते बंद करायचे, हे मुजावरांचं बावीस वर्षांचं काम. कुणाशीही न भांडता ते हे काम करत. आसपासच्या गावांत अशी घरं कमीच असतील जिथे त्यांना चहा मिळाला नसेल.

मी कल्याणी तोडकर. पुण्यातल्या एका संस्थेत येवलेकर सरांच्या हाताखाली पीएच.डी. करत होते आणि ते माझं सातवं वर्ष होतं. माझा विषय कृष्णद्रव्य. विश्वातलं बरंचसं द्रव्य दिसत नाही, फक्त त्याच्या ओढीवरून ते आहे हे कळतं. हे दिसत नसलेलं द्रव्य शोधायला सगळ्यात सोयीची जागा म्हणजे आपल्या आकाशगंगेभोवती फिरणाऱ्या चिमुकल्या बटु दीर्घिका. त्यांच्यात तारे थोडे, वायू जवळजवळ नाहीच. पण ते थोडे तारे ज्या वेगाने फिरतात त्यावरून तिथे कृष्णद्रव्य भरपूर असलं पाहिजे. त्याचे कण एकमेकांवर आदळून नष्ट होत असतील तर त्यातून इलेक्ट्रॉन निघतील आणि त्यांची एक अगदी फिकट रेडिओ चकाकी दीर्घिकेभोवती पसरलेली दिसेल. अशा दीर्घिकेत दुसरं काही चकाकण्यासारखं नसतंच. म्हणून तिथे काही दिसलं तर ते महत्त्वाचं.

आणि मला दिसलं होतं. उत्तर आकाशातल्या एका बटु दीर्घिकेवर आम्ही त्या वर्षी तीनदा दुर्बीण रोखली होती. जानेवारीत आणि फेब्रुवारीत ती चकाकी दिसली. मार्चमधलं निरीक्षण वरच्या वातावरणातल्या गडबडीमुळे वापरता आलं नव्हतं, तसं आम्ही लेखाच्या तळटीपेत लिहिलं होतं. लेख इंटरनेटवर टाकल्यावर आठवड्याभरात परदेशांतून पत्रं यायला लागली. एका मराठी वर्तमानपत्रात सरांचा फोटो आला. जर्मनीतल्या एका संस्थेने मला दोन वर्षांची जागा देऊ केली. सरांना जूनमध्ये निवृत्त व्हायचं होतं. तीस वर्षं ते न दिसणाऱ्या वस्तूमागे होते. त्या दिवसांत ते जिना चढताना गुणगुणायचे.

मग नियतकालिकाच्या परीक्षकाचा अभिप्राय आला. एकच शंका होती. ही चकाकी फक्त एकमेकींजवळ उभ्या असलेल्या तबकड्यांच्या जोड्यांना दिसते आहे, आणि जमिनीवरचा स्थानिक आवाजही नेमका त्याच जोड्यांना जास्त त्रास देतो. तर तो नव्हता याची खात्री लेखकांनी केली आहे का? सरांनी मला सांगितलं, मुजावरांना भेट, परिसर तपासल्याची दोन ओळींची नोंद घे, विषय संपवू. म्हणून मी त्या डिसेंबरात जीपमध्ये बसले होते.

मुजावरांनी मागच्या सीटवरची हातातली अँटेना काढली. पूर्वी घरांच्या छपरांवर टीव्हीच्या असायच्या तशी, माशाच्या काट्यासारखी. ती धरून ते बांधावरून चालायला लागले आणि मी पेटी घेऊन त्यांच्या मागे. अँटेना उसाकडे फिरवली की आवाज बारीक व्हायचा, घराकडे फिरवली की मोठा. ऊस संपला तिथे पत्र्याचं छप्पर असलेलं घर होतं, शेजारी शेळ्यांचा गोठा, आणि दोन्हींना मिळून चार पदरी तारेचं कुंपण.

घरात सगुणाबाई डोके एकट्याच होत्या. पन्नाशीच्या, उंच, डाव्या पायाने किंचित लंगडणाऱ्या. मुजावरांना त्यांनी ओळखलं नाही, पण दुर्बिणीवरचे म्हटल्यावर खाटेवरचं धान्य बाजूला सारून बसायला जागा केली. मुजावरांनी कुंपणाचं विचारलं. बाईंनी सांगितलं की आदल्या दिवाळीच्या सुमारास बिबट्याने गोठ्यातून एक शेळी नेली. चार दिवसांनी सासूबाई अंगणात भांडी घासत होत्या, पाठमोऱ्या, बसलेल्या. बसलेलं माणूस त्याला जनावरच वाटतं. त्याने झडप घातली. बाईंनी हातातलं खोरं फेकलं म्हणून सोडून पळाला, पण म्हातारीच्या मानेवर अठरा टाके पडले. त्यानंतर मालकांनी मशीन आणून तार ओढली. त्याला आता वर्ष होऊन गेलं होतं.

मी मनात महिने मोजले. म्हणजे जानेवारीत मशीन चालू होतं. फेब्रुवारीतही.

"रोज चालू असतं का?" मी विचारलं.

"दिवसरात. बंद करतच नाय. तो काय वेळ बघून येतो का?"

मला हायसं वाटलं. आज हे सांगायला लाज वाटते, पण वाटलं खरं. मशीन रोज चालू असेल तर मार्चमध्येही होतं, आणि मार्चमध्ये चकाकी नव्हती; म्हणजे चकाकीचा आणि मशीनचा संबंध नाही. मी हा हिशेब झटकन केला आणि एका निरीक्षणाचा आधार घेतला, जे मी स्वतःच टाकून दिलं होतं. ते तेव्हा माझ्या ध्यानातही आलं नाही. मी उठायला लागले.

बाई चहा ठेवायला आत गेल्या होत्या. तिथूनच त्या बोलल्या.

"एकदाच बंद व्हतं. सासूबाई गेल्या तवा. तेरा दिवस घर माणसांनी भरल्यालं, बारकी पोरं तारेला हात लावतील म्हणून मालकांनी काढून ठिवलं."

"कधी गेल्या?" मुजावरांनी विचारलं. ते सहजच विचारत होते, माणूस गेल्याचं कळल्यावर विचारतात तसं.

"रंगपंचमीला. टाके भरले, पण बाई काय सावरली नाय. जेवणच सोडलं तिनं."

भिंतीवर दिनदर्शिका होती. वर्ष संपत आलं होतं, सगळी पानं मागे उलटलेली होती. मी उठून ती खिळ्यावरून काढली आणि मार्चचं पान उघडलं. रंगपंचमी चोवीस तारखेला होती. चोवीसपासून तेरा दिवस. आमचं मार्चचं निरीक्षण एकोणतीस तारखेचं होतं. ती तारीख मला पाठ होती.

मी दिनदर्शिका परत अडकवली. ती तिरकी लागली, ती सरळ केली. बाईंनी चहा आणून दिला आणि मी तो प्यायले. गोड होता, आल्याचा होता, एवढंच आठवतं.

बाहेर आल्यावर मुजावर कुंपणाच्या कडेने चालत गेले आणि मागच्या कोपऱ्यात थांबले. तिथे गवत कंबरेएवढं वाढलं होतं आणि तारेला टेकलं होतं. उन्हात ठिणगी दिसत नव्हती, पण जवळ गेल्यावर बारीक चटचट ऐकू येत होती. त्यांनी खिशातून नोंदवही काढली, पेन उघडलं आणि काही न लिहिता माझ्याकडे पाहिलं. त्यांनी मार्चचं पान उघडताना मला पाहिलं होतं. शिवाय वर्षभर माझ्या निरीक्षणांच्या वेळा त्यांच्याकडेच असायच्या, गावात वेल्डिंग बंद ठेवायला सांगायचं म्हणून.

"लिहू का, मॅडम?" त्यांनी विचारलं. "का आज राहू द्यायचं? मी काय, हे गवत आत्ता कापतो. आवाज बंद होईल. नोंदीत काय लिहायचं ते तुम्ही सांगा."

आवाजात लाडीगोडी नव्हती, टोमणाही नव्हता. त्यांना वाटत होतं की मी दमले आहे आणि निर्णय दमलेल्या माणसाने उन्हात उभं राहून घेऊ नये. मी म्हणाले, आज राहू द्या. गवतही कापू नका. मुजावरांनी वही मिटून खिशात ठेवली.

मी दुपारची एसटी पकडली नाही. विश्रामगृहात जाऊन पडले. झोप लागली नाही. सात वर्षांत मी कधी खोटा आकडा लिहिला नव्हता, हे मी स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत होते. ते खरंही होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुजावरांच्या खोलीत गेले आणि विचारलं, शुक्रवारी देखभालीचा दिवस असतो, तेव्हा मधल्या, एकमेकींजवळच्या तबकड्या आठ तास मिळतील का? माझी दीर्घिका डिसेंबरात दिवसाच डोक्यावर येते. अर्धा वेळ मशीन चालू ठेवायचं, अर्धा वेळ बंद. मुजावरांनी लगेच फोन फिरवला. परवानगी दहा मिनिटांत मिळाली. अडचण दुसरीकडे होती. सगुणाबाईंना मशीन बंद ठेवायला सांगायचं होतं आणि दोन दिवसांपूर्वीच शेजारच्या उसात बिबट्याची मादी दोन बछड्यांसह दिसली होती.

मुजावरांनी त्यांना काही लपवलं नाही. मॅडमचं काम आहे, चार तास बंद ठेवावं लागेल, तेवढा वेळ आम्ही दोघं इथं बसून राहू, असं सांगितलं. बाईंनी उसाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, शेळ्या घरात घेते.

शुक्रवारी आठ ते बारा मशीन चालू होतं. बारा वाजता मुजावरांनी बॅटरीची वायर काढली. पेटीतला ठोका थांबला. आठ शेळ्या घरात, दार ओढून घेतलेलं, आणि आम्ही तिघं ओट्यावर. मुजावरांच्या हातात काठी, बाईंच्या हातात खोरं. बसायचं नाही, उभंच राहायचं, असं बाईंनी मला बजावलं. उभ्या माणसाच्या वाटेला तो जात नाही. म्हणून मी चार तास उभी राहिले. दोन मैलांवर तबकड्या उत्तरेकडे तोंड करून अगदी सावकाश वळत होत्या. इथून त्या हलताना दिसत नव्हत्या.

बाईंनी एकदा विचारलं, की वर काय बघताय. मी सांगितलं, न दिसणारी एक वस्तू आहे, ती आहे का ते बघतोय. त्यांनी मान हलवली. मग सासूचं बोलल्या. सासू कडक होती, पण शेवटचे चार महिने तिला एकटीला बसवत नसे. म्हणून बाई लंगडत्या पायाने अंगणात, न्हाणीत, सगळीकडे तिच्या मागे उभ्या राहायच्या. एक दिवस रंग खेळणाऱ्या पोरांना पाणी द्यायला गेल्या आणि परत येईतो म्हातारी गेलेली होती. आपण तेवढा वेळ गेलो नसतो तर, असं वाटतं म्हणाल्या. मुजावर म्हणाले, ताई, ज्याची वेळ त्याची. बाई म्हणाल्या, ते खरं, पण मी नव्हते तेही खरंच ना.

तीनच्या सुमाराला उसात काहीतरी सळसळलं आणि आम्ही तिघंही ओट्याच्या कडेला आलो. मुजावरांनी काठी पत्र्यावर आपटली. सळसळ थांबली. काय होतं ते कळलं नाही.

चार वाजता मशीन परत लावलं. मग मात्र मुजावरांनी विळा मागून घेतला आणि कुंपणाच्या चारी बाजूंचं गवत कापलं. तारेखालचे प्लॅस्टिकचे तडकलेले तुकडे बदलले. मशीन पूर्वीसारखंच चालू होतं आणि पेटीतून नुसती खरखर येत होती. हे एवढंच काम होतं. तासाभराचं. आदल्या वर्षी कुणी त्या ओढ्यापलीकडे गेलं असतं तर तेव्हाच झालं असतं.

निघताना मुजावरांनी वही काढली. मी म्हणाले, लिहा. तारीख, जागा, मशीन केव्हापासून, मार्चमधले बंद असलेले तेरा दिवस, सगळं.

शनिवार-रविवार मी पुण्यात संगणकासमोर होते. उत्तर मला ओट्यावर उभी असतानाच माहीत होतं. आठ ते बारा: चकाकी होती, फेब्रुवारीतल्यासारखीच. बारा ते चार: काही नाही. मग मी मार्चचं टाकून दिलेलं निरीक्षण काढलं. त्याचा पहिला तास खरोखरच खराब होता. तो वगळला. उरलेल्या सहा तासांत आकाश नितळ होतं आणि दीर्घिकेभोवती काही नव्हतं. आमच्या तीन निरीक्षणांतलं तेवढं एकच चांगलं होतं.

सोमवारी अकरा वाजता मी सरांच्या खोलीत गेले. प्रभाकर येवलेकर शिक्षक म्हणून कडक होते, पण आवाज कधी चढवत नसत. मी जानेवारीपासून शुक्रवारपर्यंतची पाचही चित्रं त्यांच्या टेबलावर ओळीने मांडली, मुजावरांच्या नोंदीची प्रत शेवटी ठेवली आणि झालं ते सांगितलं. मध्ये त्यांनी एकदाही अडवलं नाही. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी मार्चचं चित्र उचललं, खिडकीपाशी नेलं आणि खूप वेळ पाहिलं. पाठमोरेच म्हणाले,

"हे तू का टाकलं होतंस?"

"वरच्या वातावरणातली अस्थिरता..."

"ती पहिल्या तासात. तळटीप मी वाचली आहे. मी विचारतोय, का टाकलंस?"

मला आठवत होतं. एप्रिलमधली एक दुपार, जेवणानंतरची. चित्र पडद्यावर उमटलं आणि त्यात काही नव्हतं. मी काय चुकलं ते शोधायला लागले. जानेवारीच्या आणि फेब्रुवारीच्या चित्रांत काय चुकलं असेल, ते मी कधीच शोधलं नव्हतं. मार्चमध्ये मात्र शोधलं, आणि पहिल्या तासात सापडलं. तेवढं मला पुरलं. मी अख्खा दिवस टाकला आणि घरी जाऊन झोपले.

"त्यात काही दिसत नव्हतं म्हणून," मी म्हणाले.

सर वळले. रागावतील असं वाटलं होतं. ते येऊन खुर्चीत बसले, चष्मा काढला आणि डोळे चोळले.

"मला तेव्हाच शंका आली होती," ते म्हणाले.

"मग तुम्ही विचारलं का नाहीत, सर?"

"विचारलं असतं तर तू खरं सांगितलं असतंस. मला ते ऐकायचं नव्हतं."

खाली मोटारसायकल सुरू करायचा कुणीतरी प्रयत्न करत होतं. ती एकदाची सुरू झाली. मग सरांनी मला संगणकासमोर बसायला सांगितलं. लेख मागे घेत असल्याचं पत्र आजच पाठवायचं होतं, नियतकालिकाला आणि ज्यांनी ज्यांनी लिहिलं होतं त्या सगळ्यांना. ते सांगत गेले, मी टंकत गेले. झटका मशीन, गवत, ठिणग्या, शुक्रवारची चाचणी, मुजावरांचं आणि सगुणाबाई डोके यांचं आभारासह नाव. सगळं नेमकं, एकही जादा शब्द नाही. असं लिहिणं मी त्यांच्याकडूनच शिकले होते.

शेवटी ते थांबले आणि म्हणाले, "आता लिही. मार्चमधलं निरीक्षण वगळण्याचा निर्णय ज्येष्ठ लेखकाचा होता."

माझे हात थांबले. "सर, हे खरं नाही."

"सही माझी आहे. शंका आली असताना केलेली सही आहे. म्हणजे फारसं खोटंही नाही."

"पण निर्णय माझा होता."

"कल्याणी, जर्मनीवाल्यांनी तुझी जागा अजून रद्द केलेली नाही. हे पत्र वाचून ते विचार करतील. चूक सापडली, चूक विद्यार्थिनीनेच शोधून काढली, असं त्यांना दिसलं तर ते रद्द करणार नाहीत. निरीक्षण विद्यार्थिनीनेच टाकलं होतं असं दिसलं, तर करतील. मला जूनमध्ये घरी जायचंय. मला कुणी काय रद्द करणार आहे?" त्यांनी चष्मा परत घातला. "आणि नावंही बदल. लेखावर तुझं नाव आधी होतं. पत्रावर माझं आधी घाल."

मी वाद घातला, असं मला नंतरची काही वर्षं आठवायचं. आता नीट आठवते तेव्हा लक्षात येतं की मी फक्त एकदा 'सर' म्हणाले. मग ते वाक्य टंकलं. नावांची जागा बदलली. त्यांनी पत्र वाचलं, एक स्वल्पविराम काढायला सांगितला आणि म्हणाले, पाठव.

पत्र पाठवल्यावर मला इतकी झोप आली की मी वाचनालयात जाऊन टेबलावर डोकं ठेवलं आणि संध्याकाळी शिपायाने उठवेपर्यंत झोपले. कितीतरी महिन्यांनी अशी झोपले होते.

जर्मनीहून आठवड्याने उत्तर आलं. त्यांनी लिहिलं होतं की स्वतःच्याच निष्कर्षाची अशी तपासणी करणारी माणसं त्यांना हवीच असतात. जागा कायम होती. वर्तमानपत्रातही पुन्हा बातमी आली, आतल्या पानावर, चार ओळींची. 'ज्येष्ठ शास्त्रज्ञाचा शोध कुंपणात अडकला.' मुजावरांनी ती कापून ठेवली आहे असं नंतर फोनवर सांगितलं. त्यांचं नाव त्यात चुकीचं छापलं होतं. त्या मार्चच्या निरीक्षणावर आणि शुक्रवारच्या चार तासांवर मी प्रबंध पूर्ण केला. त्या दीर्घिकेत अमुक इतक्यापेक्षा जास्त चकाकी नाही, एवढीच एक मर्यादा. ती आजही कोष्टकांत असते, माझ्या नावाने.

सरांचा निरोपसमारंभ मे महिन्याच्या अखेरीला झाला. सभागृह भरलं होतं. बाहेरगावचे जुने विद्यार्थी आले होते. भाषणं झाली. शेवटी विभागातले एक प्राध्यापक उठले, ते विनोदी बोलायचे. ते म्हणाले, येवलेकरांनी आम्हाला तीस वर्षं खूप शिकवलं, पण सगळ्यात मोठा धडा शेवटच्या वर्षी दिला. नको असलेलं निरीक्षण टाकून देऊ नये. आणि टाकलंच तर आधी शेजाऱ्याचं कुंपण पाहून घ्यावं. सगळे हसले. सरही हसले, मोकळेपणाने. त्यांच्या बायकोने मात्र त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. तीस वर्षं त्यांचं प्रत्येक निरीक्षण किती जपून हाताळलेलं असायचं, हे त्या सभागृहात तिच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं.

मी तिसऱ्या ओळीत होते. हसणं ओसरल्यावर प्राध्यापकांनी विचारलं, आणखी कुणाला बोलायचंय का. व्यासपीठावरून सरांनी माझ्याकडे पाहिलं. फार थोडं, दुसऱ्या कुणाच्या लक्षात येणार नाही एवढंच, त्यांनी डोकं हलवलं. नको, असं.

आणखी कुणी हात वर केला नाही. चहा लागला आहे, असं कुणीतरी जाहीर केलं आणि लोक उठले.

मी बसून राहिले. सप्टेंबरात जर्मनीला गेले.